जोहार ते जय भीम : आपल्या शब्दांची वाटचाल

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मसुदा)

 

समितीच्या तरुण मंडळींनी निमंत्रण दिले तेव्हा म्हणाले, 'गुरुजी, विषय तुमच्या मनाने घ्या.' मी काही विद्वान माणूस नाही. चौतीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळांत मुलांना मराठी शिकवले, व्याकरण शिकवले. आयुष्यभर शब्दांशीच संबंध आला. तेव्हा म्हटलं, आज आपल्याच शब्दांविषयी बोलावं. गेल्या शंभर वर्षांत आपल्या तोंडी कोणते शब्द आले, कोणते गेले, आणि त्यांच्याबरोबर आपण किती बदललो, एवढाच माझा विषय आहे.

परवा माझ्या नातीला मी सहज विचारले, 'जोहार म्हणजे काय गं?' ती नववीत आहे. ती पटकन म्हणाली, 'राजपूत राण्या आगीत उड्या घ्यायच्या, तो जोहार.' तिचे उत्तर चुकीचे नाही. तिच्या इतिहासाच्या पुस्तकातला जोहार तोच आहे. पण माझ्या आजोबांच्या तोंडातला जोहार वेगळा होता. आजोबांकडे गावची येसकरकी होती. हातात घुंगराची काठी घ्यायची, पाटलाच्या वाड्यासमोर लांब उभे राहायचे, वाकायचे आणि म्हणायचे, 'जोहार.' संत चोखामेळ्यांच्या नावावर जे अभंग आहेत, त्यांतही हाच जोहार येतो. म्हणजे तो शब्द किती पिढ्या आपल्या माणसांच्या ओठांवर होता, याचा विचार करा. आणि माझ्या नातीला तो माहीतच नाही! मला क्षणभर आनंद झाला आणि क्षणभर भीतीही वाटली. आनंद कशाचा ते तुम्ही ओळखलेच असेल. भीती कशाची, ते मी शेवटी सांगतो.

जोहार या शब्दात एक गोष्ट होती. जोहाराला उत्तर जोहार नव्हते. आजोबा जोहार घालत आणि पाटील 'काय रं?' म्हणत. एकाने वाकायचे, दुसऱ्याने विचारायचे. गावात बाकीचे लोक एकमेकांना रामराम घालत, पण आपल्या माणसाने पाटलाला बरोबरीने रामराम घातला तर तो उद्धटपणा ठरे. आता 'जय भीम' पाहा. हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. ते १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मध्य प्रांताच्या विधिमंडळात निवडून आले आणि १९३९ मध्ये ऐन तारुण्यात गेले. पण त्यांनी दिलेला शब्द राहिला. जय भीमला उत्तर काय? जय भीम! म्हणणारा आणि ऐकणारा एकाच उंचीवर उभे. कलेक्टर असो की कचरा वेचणारी बाई असो, दोघांचा शब्द एकच. समतेवर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण समता म्हणजे काय हे आपल्या अडाणी आजी-आजोबांना या दोन शब्दांनी शिकवले.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, शब्दाने काय होते? भूक शब्दाने भागते का? प्रश्न बरोबर आहे. म्हणून थोडे जुन्या काळात जाऊ. शब्दांच्या बाबतीत काय काय घडते, ते आपल्या इतिहासात नीट दिसते.

सम्राट अशोक आपल्या शिलालेखांत स्वतःला 'देवानंपिय' म्हणवतो. देवांचा प्रिय, असा मानाचा शब्द. हा काळ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाचा. पुढे संस्कृत पंडितांच्या परंपरेत याच 'देवानांप्रिय' शब्दाचा अर्थ काय झाला? मूर्ख! दुसरा शब्द 'पासंड'. अशोकाच्या बाराव्या शिलालेखात सर्व पासंडांचा आदर करा असे सांगितले आहे. तिथे पासंड म्हणजे पंथ, संप्रदाय. त्यात निंदा नाही. आज आपण 'पाखंडी' कोणाला म्हणतो? ढोंग्याला, धर्म बुडवणाऱ्याला. 'थेर' हा शब्द पाली आणि प्राकृतात वयोवृद्ध, ज्येष्ठ भिक्खूंसाठी आहे. त्याच घराण्यातला मराठी शब्द 'थेरडा'. त्यात आता आदर उरलेला नाही. बुद्धाचा धम्म या भूमीवरून मागे हटला आणि त्याच्या शब्दांची रया गेली. ज्याची सत्ता आणि ज्याची पोथी, त्याचा अर्थ.

आणि आपल्या नाशिकच्या डोंगरावर चला. लहानपणी आम्ही सगळे 'पांडवलेणी' म्हणायचो. पांडव वनवासात आले आणि एका रात्रीत त्यांनी लेणी कोरली, असे आम्हाला सांगत. भिंतीवर तर ब्राह्मी लिपीत प्राकृत भाषेत स्पष्ट कोरून ठेवले आहे. डोंगराचे नाव तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचे दान नोंदलेले आहे आणि ते दान भिक्खुसंघाला आहे. त्या लेखात शब्द आहे 'लेण'. बघा, सुमारे एकोणीसशे वर्षे हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी जवळजवळ जसाच्या तसा राहिला. लेणी हा शब्द लोकांनी टिकवला, पण ती कोणाची हे विसरले आणि पांडवांच्या नावावर केली. आता आपली मुले 'त्रिरश्मी बुद्ध लेणी' म्हणतात. म्हणजे विसरलेले नाव परत येऊ शकते. पण केव्हा? कुणीतरी दगडावर लिहून ठेवले होते आणि कुणीतरी ते वाचले, तेव्हाच.

आता आपल्या स्वतःच्या नावाकडे येतो. मी व्याकरणाचा मास्तर. शब्द दिसला की कर्ता कोण, कर्म कोण, हे आधी पाहायची खोड आहे. त्या खोडीने आपल्याला दिलेली नावे तपासू या.

१९०६ साली महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी मुंबईत जी संस्था काढली, तिचे मराठी नाव होते 'निराश्रित साहाय्यकारी मंडळी'. शिंद्यांच्या कळकळीबद्दल माझ्या मनात पूर्ण आदर आहे. पण 'निराश्रित' या शब्दाचा अर्थ काय? ज्याला आश्रय नाही तो. म्हणजे आश्रय देणारा कुणीतरी थोर पाहिजे. १९२४ मध्ये बाबासाहेबांनी संस्था काढली, तिचे नाव 'बहिष्कृत हितकारिणी सभा'. बहिष्कृत म्हणजे बाहेर टाकलेला. हा शब्द ऐकला की पुढचा प्रश्न आपोआप येतो. कोणी टाकला? हा शब्द दया मागत नाही, बोट दाखवतो.

मग आला 'हरिजन'. गांधीजींनी तो शब्द स्वीकारला आणि ११ फेब्रुवारी १९३३ पासून त्याच नावाचे साप्ताहिक सुरू केले. त्या शब्दात टाकणारा नाही आणि टाकलेलाही नाही. जखम कुठे आहे तेच कळत नाही. म्हणून जानेवारी १९३८ मध्ये मुंबईच्या विधानसभेत लोकल बोर्डाच्या विधेयकात हे नाव घालायचे ठरले, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने विरोध केला. आपल्या जिल्ह्याचे दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते. आम्ही देवाची माणसे, तर मग बाकीचे कोणाची, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. मतदानात हार झाली, तेव्हा बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी सभागृह सोडून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग! आमचे नाव आम्ही ठरवू, हा त्या सभात्यागाचा अर्थ होता. पुढे १९८२ मध्ये केंद्र सरकारलाही सांगावे लागले की जातीच्या दाखल्यावर हरिजन लिहू नका.

१९३५ च्या कायद्याने 'अनुसूचित' हा शब्द आणला. तो कचेरीचा शब्द आहे, यादीत नाव असलेला. त्याने हक्क दिले, ते मोलाचेच आहेत. पण कोणी आईने लेकराला 'माझं अनुसूचित' म्हणून कडेवर घेतलेले मी पाहिलेले नाही. 'दलित' म्हणजे दळलेला, भरडलेला. जाते कोण फिरवतो, हे तो विचारायला लावतो. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली आणि तिच्या जाहीरनाम्याने त्या शब्दात भूमिहीन, कामगार आणि स्त्रियाही घेतल्या. शब्द मोठा केला. २०१८ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना 'दलित' ऐवजी 'अनुसूचित जाती' म्हणण्याचा सल्ला दिला, तेव्हा पुन्हा वाद झाला. शंभर वर्षांपूर्वीचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. आमचे नाव कोण ठरवणार?

बाबासाहेबांना हे किती नेमके कळले होते, ते त्यांच्या पत्रांच्या नावांवरून दिसते. १९२० मध्ये 'मूकनायक'. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'. १९२८ मध्ये 'समता'. १९३० मध्ये 'जनता'. आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी त्याच 'जनता' पत्राचे नाव झाले 'प्रबुद्ध भारत'. मुक्याचा नायक, बाहेर टाकलेला, मग समता मागणारा, मग जनता आणि शेवटी जागा झालेला. मुलांनो, 'बहिष्कृत' आणि 'प्रबुद्ध' हे शब्द शेजारी लिहून पाहा. व्याकरणाने दोन्ही धातुसाधितेच आहेत. पण बहिष्कृत दुसरा करतो. प्रबुद्ध आपले आपण व्हावे लागते. आणि दोन्हींच्या पुढे 'भारत' कायम आहे. देश सोडला नाही, माणसाची अवस्था बदलली. त्याच वर्षी आठ महिन्यांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली. छत्तीस वर्षे ज्या शब्दाकडे चालत होते, तो शब्द म्हणजे 'बौद्ध'. या शब्दात आपल्याला कोणी काय केले ते नाही. आपण काय आहोत ते आहे.

हे पुस्तकातले झाले. आता घरातले सांगतो.

शाळेत जनरल रजिस्टर असते. त्यात माझे नाव जून १९५६ मध्ये चढले. माझ्या आधीची दोन भावंडे जगली नव्हती म्हणून मला नाव ठेवले दगडू. दगडाला मरण नाही, ही त्यामागची समजूत. अशी नावे तेव्हा इतर जातींतही ठेवत, पण आपल्या वस्तीत दगडू, धोंडू, कचरू, केरू घरोघर होते. जातीच्या रकान्यात लिहिले, हिंदू महार. माझा पाठचा भाऊ १९६१ मध्ये शाळेत गेला. त्याचे नाव गौतम. रकान्यात लिहिले, नवबौद्ध. आई तीच, बाप तोच, घर तेच. पुढे मी स्वतः मास्तर झालो आणि त्याच रजिस्टरात मुलांची नावे लिहू लागलो. सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, आनंद. मुलींत सुजाता, विशाखा, संघमित्रा, प्रज्ञा. कुठल्या सरकारी हुकमाने हे झाले? एकाही नाही. आयाबायांनी पाळण्यापाशी केले.

लग्नपत्रिका काढून पाहा. 'शुभविवाह' जाऊन 'मंगल परिणय' आला. 'श्री' च्या जागी 'आयुष्यमान' आला. गेलेल्या माणसाच्या नावामागे 'कै.' होते, म्हणजे कैलासवासी. आपण कैलासाला जात नाही म्हणून 'कालकथित' लिहू लागलो. मरण पावण्याला पालीत 'काल करणे' असाच शब्दप्रयोग आहे, त्याच्याशी नाते सांगणारा हा शब्द. दहाव्या-तेराव्याच्या ठिकाणी 'पुण्यानुमोदन' आले. शेजारचे लोक सुरुवातीला हसत. आता नीट वाचतात. १९५६ नंतर गावातले लोक आपल्याविषयी म्हणत, 'ते बाटले.' वर्तमानपत्रे म्हणत, 'धर्मांतर केले.' आपण म्हणालो, 'दीक्षा घेतली.' घटना एकच, क्रियापदे तीन. तिसरे क्रियापद टिकवायला आपल्या माणसांना गावकीचा बहिष्कार सोसावा लागला, मेलेली गुरे ओढायचे सोडावे लागले, बलुत्याचे दाणे गमवावे लागले. शब्द फुकट मिळालेला नाही.

यात मी फार शूर होतो असे समजू नका. आज विहारात बसून खोटे बोलणार नाही. १९७२ साल, दुष्काळाचे. माझी पहिली नेमणूक एका परक्या गावात झाली. राहायला खोली मिळेना. एका घरी मिळाली, ती मी जात न सांगता घेतली. विचारले तेव्हा 'मी मास्तर आहे' एवढेच म्हणालो. रस्त्यात आपला माणूस भेटला आणि त्याने जय भीम घातला की मी नुसती मान हलवायचो. चार महिने असे गेले. मग आई ज्वारीचे गाठोडे घेऊन भेटायला आली. ओट्यावर घरमालकीण बसली होती. आईने गाठोडे खाली ठेवले, हात जोडले आणि मोठ्याने म्हणाली, 'जय भीम, बाई.' दोन दिवसांत आम्हाला सांगण्यात आले, 'गुरुजी, आमचे पाव्हणे यायचेत, खोली लागंल.' मी आईवर चिडलो. ती भांडी बांधता बांधता म्हणाली, 'खोली दुसरी मिळंल रं. तू मान हलवीत हुतास ते मला आधी दिसलं.' त्यानंतर मी जय भीमला नुसती मान हलवलेली नाही.

आता काही कडू बोलतो. राग मानू नका.

पहिली गोष्ट. शब्द बदलला म्हणून वस्तू बदलते असे नाही. महारवाड्याचा हरिजनवाडा झाला, मग बौद्धवाडा झाला, मग भीमनगर. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. चांगला निर्णय, स्वागत आहे. पण पाटी बदलली तरी गावचा रस्ता त्या पाटीच्या अलीकडे संपत असेल तर? 'कुठला रं, भीमनगरचा का?' असे जुन्याच सुरात कोणी विचारत असेल तर? नवा शब्द जुन्या सुरात बोलला की तोही मळतो. देवानंपियचे काय झाले ते आपण पाहिले. म्हणून पाटीबरोबर रस्ता, नळ आणि शाळा मागितली पाहिजे.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली आहे. 'विटाळ' हा शब्द ऐकला की आजही अंगावर काटा येतो. त्या शब्दाविरुद्ध २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले. १९३० मध्ये आपल्या नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. दाराबाहेरचा विटाळ आपण मानला नाही. पण मागच्या पौर्णिमेला वंदनेला निघताना माझ्या नातीला घरातलेच कोणी म्हणाले, 'तू येऊ नको, तुला विटाळ आहे.' तिने मला विचारले, 'आजोबा, बाबासाहेबांनी घालवला तो विटाळ कोणता होता?' मला उत्तर देता आले नाही. मी म्हणालो, 'चप्पल घाल, चल.' ती माझ्याबरोबर इथे आली, पुढच्या रांगेत बसली. उपासिकांनो आणि उपासकांनो, जो शब्द आपल्याला चावला, तो आपल्याच लेकीसुनांना कसा लावता येईल? तसेच लग्न जमवताना 'बौद्धच पण कोणते?' असे जे हळूच विचारले जाते, तेही थांबले पाहिजे. त्या प्रश्नात जुना रकाना जिवंत आहे.

आता सुरुवातीला राखून ठेवलेली भीती सांगतो. जोहार गेला याचा आनंद आहेच. पण जोहार काय होता हे ज्याला ठाऊक नाही, त्याला जय भीमची किंमत कशी कळेल? येसकर, तराळ, हाडकी-हाडवळा, बलुतं, वरून ओतलेले पाणी, हे शब्द वाईट दिवसांचे आहेत. १९५८ च्या कायद्याने वतने गेली आणि ते शब्दही चालले. आपली शिकलेली मुले म्हणतात, कशाला ती घाण उकरायची? मला त्यांचे दुःख समजते. पण आपण लिहून ठेवले नाही, तर उद्या कोणीतरी येऊन सांगेल की असे काही नव्हतेच, गावगाडा सगळा गोडीगुलाबीचा होता. लेणी पांडवांची होतात ती अशीच.

म्हणून समितीपुढे एक सूचना ठेवतो. विहारात एक वही ठेवा. दर रविवारी वंदना झाली की दोन मुलांनी वस्तीतल्या एका वृद्ध आजी-आजोबांजवळ बसावे. जुना शब्द कोणता, तो कोण कोणाला म्हणायचे, म्हणताना कुठे उभे राहायचे, तो कधी बंद झाला आणि कोणी बंद केला, एवढे लिहून घ्यावे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, आवाजही टिपून ठेवावा. पहिले पान मी लिहून देतो. त्यावर माझ्या आजोबांचा जोहार असेल, आणि खाली आईचा ओट्यावरचा जय भीम.

माझी नात इथे बसली आहे. ते पान तिने तिच्या अक्षरात लिहावे, अशी माझी इच्छा आहे.



नमो बुद्धाय! जय भीम!